हाळीचा माइक

चैत्र लागला की मला अजूनही धास्ती वाटते. शाळेची नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली. आता परीक्षा नाही, तपासणीला येणारे साहेब नाहीत, कोणाला जाब द्यायचा नाही, तरी वाटते. भोरच्या या घराच्या मागच्या खिडकीतून डोंगराकडचा वारा आत येतो आणि त्यात राब भाजल्याचा वास असतो. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण, वाळक्या फांद्या पसरून जाळतात आणि पुढं पावसात तिथं भाताचं रोप करतात, त्या जाळण्याचा हा वास. बाकीच्यांना तो उन्हाळा आल्याचा वास वाटतो. मला मात्र तो आला की आता कोणीतरी खोकणार, असंच वाटत राहतं.

त्यात परवा जत्रेच्या मंडळाची तरुण मंडळी दारात उभी राहिली. नवा माइक घ्यायचाय म्हणाली. स्वस्तात बसणारा हवा, पण गाणाऱ्याचा आवाज नीट यायला हवा. "गुरुजी, तुमच्याशिवाय कुनाला इचारायचं? ह्या भागातला पयला माइक तुमीच निवडलावता म्हनं." निवडला होता खरा. कसा निवडला, ते मात्र त्यांना कोणी सांगितलेलं दिसलं नाही. मी चहा ठेवायला सांगितला आणि विषय लांबणीवर टाकला.

ते दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. मी नुकता मास्तर झालो होतो आणि मार्गासनीच्या पुढच्या एका गावात माझी नेमणूक होती. चैत्रात ते गाव फार देखणं दिसायचं. पांगारा लाल झालेला असायचा, ओढ्याच्या अंगाला करवंदीवर हिरवी करवंदं धरलेली असायची, दुपारी शाळेच्या ओट्यावर आंब्याचा गळलेला मोहर येऊन पडायचा. हे सगळं मी पाहिलं असणारच, नाहीतर आठवलं नसतं. पण त्या वर्षी पाहताना मन कुठं थाऱ्यावर होतं? सगळा चैत्र मी एकाच प्रश्नावर घालवला. उत्तर येईल का?

गाव खाली ओढ्याकाठी होतं आणि वर टेपावर, डोंगराच्या सपाटीवर, धनगरांची वाडी. भैरोबा मूळचा वाडीचा, तो नंतर खाली गावात आला, असं सगळे मानत. म्हणून जत्रेच्या सकाळी पालखी सजवून देवळाच्या पायरीशी ठेवली, तरी वाडीला विचारल्याशिवाय ती उचलायची नाही, अशी रीत होती. एकानं देवळाच्या जोत्यावर उभं राहायचं, डोंगराकडं तोंड करायचं आणि हाळी द्यायची, "वाडीकरांनोऽऽ, देव निघाला होऽऽ!" मग वरून "आलोऽऽ होऽऽ" असं उत्तर यायचं. ते कानी पडलं की मगच भोई खांदा देत. वाडीची माणसं तोवर वरच थांबत. हाळी आल्याशिवाय देवाच्या दारीसुद्धा यायचं नाही, असा त्यांचा ताठा होता. उत्तर आलं नाही असं कधी घडलंच नव्हतं, त्यामुळे तसं झालं तर काय करायचं, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

हाळी देणारे होते आबा. साठीच्या पुढचे, उंच, खांद्यावर घोंगडी, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. बिनघाईचा आवाज होता त्यांचा. ओढ्यापलीकडच्या मेंढराला ते असं बोलवत की मेंढरूच काय, माझ्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीकडं बघायची. पण त्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ धरला. त्यांची मुलगी येसू वरच्या वाडीत दिलेली होती. तिनं त्यांना वर नेलं, शेळीचं दूध पाजलं, तीन महिने शेकोटीशेजारी निजवलं आणि शिमगा झाल्यावर खाली पाठवलं. माणूस परत आला, आवाज आला नाही. समोर बसलेल्याला ऐकू येईल एवढं बोलायचे, आणि बोलता बोलता खोकला यायचा. दोन तुटक ठसके, मग एक लांबलचक, खोल उबळ, आणि शेवटी "अगा भैरोबा!" हा क्रम कधी चुकायचा नाही.

पाटलांनी चावडीवर सगळ्यांदेखत विषय काढला. वाईट बुद्धीनं नाही, उलट आदरानंच. "आबा, ह्या खेपेला हाळी माझा पुतन्या दील. तुमी बसा निवांत." आबा काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत राहिले आणि मग तीच रेघ पायानं पुसून उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ते ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, त्या भरतीच्या मोटारीवर भोंगा हुता. त्यातनं बारीक मानूसबी मोठा बोलतु म्हनं. माझी हाळी जाईल का त्यातनं?"

"जाईल की आबा," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो. ते शब्द तोंडातून गेले आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

"आन न्हाई गेली तर?"

"जाईल हो."

"म्या मरायला भीत न्हाई, मास्तर. पर म्या जित्ता असताना दुसऱ्यानं दिल्याली हाळी हितं बसून ऐकायची, त्ये न्हाई जमायचं."

भरतीची मोटार माघात मार्गासनीला येऊन गेली होती. लढाईवर माणसं हवी होती, म्हणून टपावर कर्णा बांधून ती गावोगाव फिरत होती. मी बाजाराच्या गर्दीत उभा राहून तो आवाज ऐकला होता. जाड, चरचरीत, नाकातून आल्यासारखा, आणि दरीभर पसरणारा. आयुष्यात यंत्रातून मोठा झालेला माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि भारावून गेलो होतो. वाडीवर त्याचा वेगळाच परिणाम झाला, हे आबांनीच नंतर सांगितलं. तेव्हा ते येसूकडंच होते. "आवाज वर आला तशी गडीमानसं कारवीच्या रानात पळाली. बायांनी चुली इझवल्या. येसूनं तर मला गोधडीखाली दडवलं. म्हनली, तुमालाबी न्हेतील!" यावर चावडी खो खो हसली. मीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हाच थोडं डोकं चालवलं असतं तर पुढचा घोळ टळला असता.

पाटील भला माणूस. आबांचा शब्द मोडवेना म्हणून तयार झाले, आणि माइक आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मास्तरला इंग्रजी अक्षरं वाचता येतात! पेट्रोल मिळत नव्हतं, प्रवाशांची सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. कापूरहोळला ती घाटातल्या रेड्यासारखी धापा टाकत आली आणि तशीच भोरला गेली. बाजारात ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या तात्यांचं दुकान होतं. तात्या आवाज वाढवणारं मशीन, कर्णा, बॅटरी सगळं भाड्यानं द्यायचे, माइक मात्र नाही. "माइक म्हणजे माणसाचा दात आहे मास्तर. उसना कसा देऊ? ज्याचा त्यानं घ्यावा," म्हणाले.

त्यांनी टेबलावर तीन माइक मांडले. पहिला जड, झळझळीत, आत चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला. त्याला मी हातही लावला नाही. सगळ्या गावाची वर्गणी दोन वर्षं साठवली तरी तो आमचा झाला नसता. उरले दोन. एकात कसल्याशा स्फटिकाची पातळ चकती होती. त्याला वेगळी बॅटरी लागत नव्हती, आवाज लहान येई पण ज्याचा त्याचा येई. "उन्हात ठेवलात तर मेला म्हणून समजा," तात्या म्हणाले. दुसऱ्याच्या पोटात कोळशाची बारीक भुकटी होती. तो दणकट होता, आवाज भलामोठा काढायचा, पण सारखा चरचरायचा आणि मधूनच मुका व्हायचा. भुकटी बसली की बोटानं टिचकी मारून ती मोकळी करावी लागे.

"बोलून बघा," तात्या म्हणाले.

मी काय बोलणार? मला आवाजाची काळजी नव्हतीच, माझी काळजी खोकल्याची होती. ऐन हाळीच्या वेळी आबांना उबळ आली आणि ती दहापट होऊन जत्रेभर पसरली, तर? लोक हसतील, पुतण्या पुढं येईल, आणि ज्या माणसाला मी "जाईल" म्हणालो तो खाली मान घालून घरी जाईल. म्हणून मी स्फटिकाच्या माइकपुढं उभा राहिलो आणि खोटं खोटं खोकलो. तात्या बघतच राहिले. कर्ण्यातून खोकला असा आला की शेजारच्या शिंप्यानं डोकावून विचारलं, "कोण आजारी आहे?" मग कोळशाच्या माइकपुढं खोकलो. त्याच्या चरचरण्यात ठसका पार बुडून गेला. मका भाजताना मध्येच एक दाणा जोरात फुटावा, एवढंच काय ते कळलं. मग त्याच्यातच हाळीचे शब्द म्हटले आणि माझे कान टवकारले. हुबेहूब भरतीच्या मोटारीचा आवाज! जाड, नाकातला, दरीभर पसरेल असा. माझ्या लेखी माइकचा आवाज म्हणजे तोच, कारण दुसरा मी ऐकलेलाच नव्हता.

"हाच," मी म्हणालो.

तात्यांनी एकदा विचारलं, "बघा हं. यात माणूस ओळखू येत नाही."

"तेच हवंय," मी म्हणालो आणि माइक पिशवीत घातला.

जत्रेला आठ दिवस होते. माइक शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागं होता. दर मधल्या सुट्टीत मी कपाट उघडायचो, त्याला हलवून भुकटी वाजते का ते कानाशी धरून ऐकायचो आणि परत ठेवायचो. मुलं पाढे म्हणायची आणि मला पाढ्यांतून चरचर ऐकू यायची. एकदा आबांना बोलावून माइक कसा धरायचा ते दाखवलं, तर ते दोन हात लांब उभे राहिले. जवळ येईनात.

"अहो आबा, तोंडाजवळ धरायचा."

"देवाच्या कामाची वस्तू, मास्तर. तोंडाला लावली तर उष्टी न्हाई का व्हायची?"

मी किती समजावलं, पण ते ऐकेनात. शेवटी माझा एक धुतलेला पांढरा रुमाल माइकवर बांधला, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. पुढं कितीतरी वर्षांनी मोठमोठ्या गवयांच्या माइकवर मी असंच काहीतरी मऊ गुंडाळलेलं पाहिलं आणि मला हसू आलं. आमचं कारण निराळं होतं एवढंच.

आज मागं वळून बघताना वाटतं, माझी ती काळजी किती मन लावून केलेली होती! मी उन्हाची काळजी केली, भुकटीची केली, वाऱ्याची, बॅटरीची, खोकल्याची केली. ऐकणाऱ्यांची मात्र केली नाही. वर जी माणसं कान देऊन बसणार होती, त्यांना काय ऐकू येईल, हे मनात आलंच नाही. मास्तरकीतला दोषच तो. आपण मोठ्यानं सांगितलं की पुढच्याला पोचलं, असं वाटत राहतं.

जत्रेची सकाळ उजाडली. पिंपळाच्या फांदीवर, डोंगराकडं तोंड करून कर्णा बांधला होता. पालखी पायरीशी सजली होती, भोई कमरा बांधून उभे होते. पलीकडच्या शेतात कोणाचा तरी राब अजून धुमसत होता आणि त्याचा धूर ओढ्यावर तरंगत होता. मशीन चालू झालं. आबा नवं पागोटं बांधून जोत्यावर चढले, रुमाल बांधलेला माइक दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि उरलासुरला सगळा आवाज गोळा करून म्हणाले, "वाडीकरांनोऽऽ, देव निघाला होऽऽ!"

कर्ण्यातून तो असा काही निघाला की देवळावरचे पारवे उडाले. समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. गाव खूश झालं. "लई भारी, मास्तर!" कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मग सगळे वर बघू लागले.

वरून काहीच आलं नाही.

"पुन्यांदा द्या," पाटील म्हणाले. मी पुढं होऊन माइकला टिचकी मारली. तीही टक टक करत डोंगरापर्यंत जाऊन आली. आबांनी दुसरी हाळी दिली, तिसरी दिली. पुन्हा शांतता. मग पाटील कपाळावर हात धरून म्हणाले, "वाडीवर धूर दिसंना. मगा चुली पेटल्याल्या हुत्या की."

आबांच्या ते माझ्या आधी ध्यानात आलं. ते माझ्याकडं वळले. रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "मास्तर, ह्यो माझा आवाज न्हाई," ते हळूच म्हणाले. "ह्यो त्या मोटारीचा हाय. भरतीवाले आलं म्हून पळाली आसत्याल ती समदी."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. ज्या आवाजावर मी भाळलो होतो, त्याच आवाजानं वाडी रिकामी केली होती. वर माणूस पाठवावा तर तासाभराची चढण, आणि उत्तर हाळीलाच यायला हवं, निरोपाला नाही. आबा जोत्याच्या कडेवर बसले. सावकाश बसले, जणू उठायचं आता काही कारण उरलं नव्हतं. "द्या तुमच्या पुतन्याला," ते पाटलांना म्हणाले. पुतण्या बिचारा अवघडून पुढं आला.

तेवढ्यात वारा फिरला. राबाचा धूर लोटासारखा देवळावर आला, आणि आबांना उबळ आली. माइक अजून त्यांच्या हातातच होता. मी मशीनकडं झेपावलो, बटण शोधू लागलो, ते सापडेना. कर्ण्यातून पहिला ठसका गेला. मग दुसरा. मग ती लांब, खोल, संपता न संपणारी उबळ सगळ्या दरीत घुमली, आणि तिच्यामागून, दमलेलं, "अगा भैरोबा!" दुकानातला माझा खोटा खोकला भुकटीत लपला होता. आबांचा खरा होता, तो लपला नाही. लोक हसायच्या बेतात होते. मी डोळे मिटून घेतले.

आणि वरून, टेपाच्या कडेवरून, एका बाईचा आवाज आला. बारीक, ताणलेला, पण अगदी स्वच्छ.

"आबाऽऽऽ! गरम पानी प्या वोऽऽऽ!"

येसूचा. तीन महिने तिनं शेकोटीशेजारी तोच खोकला ऐकला होता. सगळ्या वाडीनं ऐकला होता. हाळी वर्षातून एकदाची, पण हा खोकला त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. कारवीतून एकेक माणूस बाहेर आला असावा, कारण पाठोपाठ पुरुषांचे आवाज आले, हसत, एकमेकांत मिसळत, "आलोऽऽ होऽऽ! आबाऽऽ, आलोऽऽ!"

खाली कोणी हललं नाही. पाटलांनी चाचरत विचारलं, "आबा, ह्ये उत्तर म्हनायचं का?"

आबांनी घोंगडीच्या टोकानं डोळे पुसले. धुराचं पाणी होतं की कसलं, मी विचारलं नाही. "मंग काय म्हनायचं? लेक बोलली न्हवं माझी! उचला." आणि भोयांनी खांदा दिला.

आबांना मी नंतर तांब्याभर गरम पाणी आणून दिलं. ते प्याले, आणि रुमाल सोडून माइक माझ्या हातात देत म्हणाले, "तुमचं यंतर वाईट न्हाई, मास्तर. निस्तं त्याला मानूस वळखत न्हाई." त्या पावसाळ्यात ते गेले. वाडीत, येसूकडंच गेले. पुढच्या चैत्रात पुतण्यानं हाळी दिली, खणखणीत दिली, उत्तर लगेच आलं. मी गर्दीत उभा होतो आणि त्या खणखणीत हाळीच्या मागं उगीचच ठसका ऐकू येईल म्हणून वाट बघत होतो.

काल मंडळाची ती तरुण मंडळी पुन्हा आली, दोन माइक घेऊनच. दोन्ही परवडणारे होते. एक मोठा आवाज काढणारा, एक जरा मवाळ. अंगणात मशीन मांडलं, कर्णा कंपाउंडवर ठेवला. "गुरुजी, बोला कायतरी. हॅलो म्हना, एक दोन तीन म्हना." मी पहिला हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि खोकलो. दोन तुटक, एक लांब. मग दुसऱ्यात तसाच खोकलो. मवाळ माइकमधून तो आला, आणि तो माझाच होता. माझं वय, माझी छाती, सगळं त्यात होतं. "हा घ्या," मी सांगितलं.

मुलं हसत होती. मी माइक खाली ठेवला नाही. घरामागच्या डोंगराकडं तोंड करून उभा राहिलो, आणि वरून कोणी पाणी प्यायला सांगतंय का, ते थोडा वेळ ऐकत राहिलो.